धुराड्यावरचा तराजू

व्यापाऱ्याच्या पेढीवरील सर्वांत मानाची वस्तू कोणती, असा प्रश्न कोणी केला, तर एखादा वहीकडे बोट दाखवील, एखादा तिजोरीकडे. आमचे मत मात्र तराजूच्या बाजूने पडेल. वही व्यापाऱ्याच्या स्मरणासाठी असते, तिजोरी त्याच्या स्वास्थ्यासाठी. तराजू तेवढा गिऱ्हाइकासाठी असतो. पेढीवर पाऊल ठेवणाऱ्या अनोळखी माणसाने ज्या एका वस्तूवर विश्वास टाकायचा, ती वस्तू म्हणजे तराजू. म्हणूनच आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक अतिचार वेगळा सांगून ठेवला. देताना उणे आणि घेताना अधिक भरेल असे माप बाळगणे हे चोरीच्या कुळातलेच कृत्य होय, हा त्याचा आशय. भिंत फोडणारा आणि दांडी मारणारा यांना एकाच व्रताच्या कक्षेत उभे करण्याची ही दृष्टी व्यापारी समाजाला फार मोठा वारसा देऊन गेली आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांनी मापांचे एक मोठे स्थित्यंतर अनुभवले. १९५६ च्या कायद्याने मण, शेर आणि छटाक यांचे राज्य संपविण्याचा निर्णय झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला. गावागणिक बदलणाऱ्या मणाची सवय झालेल्या पेढ्यांना हा बदल प्रथम जाच वाटला असल्यास नवल नाही. परंतु एकच माप सर्वांना लागू झाल्याने खऱ्या व्यापाऱ्याचा तोटा झाला नाही. तोटा झाला तो गोंधळावर पोट भरणाऱ्याचा.

आज तशाच स्वरूपाचा एक नवा तराजू आपल्या दाराशी आला आहे. तो दुकानाच्या फळीवर बसत नाही. कारखान्याच्या धुराड्यात बसतो. तो धान्य वा कापूस जोखत नाही, धूर जोखतो. आणि त्याचे वजन काटा दाखवीत नाही, तर डिजिटल यंत्रणा क्षणोक्षणी दूरच्या संगणकाला कळवीत असते. या तराजूविषयी चार गोष्टी आमच्या व्यापारी बंधूंपुढे ठेवाव्यात, हा या लेखाचा हेतू.

आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या दुकानाला धुराडे नाही. मग धुराच्या मापाशी आमचा संबंध तो काय? शंका योग्य आहे, परंतु तिचे उत्तरही आपल्याच परंपरेत आहे.

आमच्या बडोद्यापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरांवर सुरत आहे. साड्या आणि कृत्रिम धाग्याचे कापड यांची ती मोठी पेठ. आमच्या कित्येक पेढ्यांचा माल तेथूनच येतो. ते कापड रंगविण्यास आणि छापण्यास वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि बॉयलरच्या पोटात कोळसा व लिग्नाइट जळतो. धुराड्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. श्वसनाचे आणि हृदयाचे विकार त्यांनी बळावतात, हे वैद्यकाने निःसंशय सिद्ध केले आहे. म्हणजे आमच्या फळीवरच्या ज्या साडीला धुराचा वासही नाही, तिच्या जन्माच्या वेळी कोणाच्या तरी श्वासात धूर गेलेला असतो.

जैन शास्त्राने कर्माची विभागणी कृत, कारित आणि अनुमोदित अशी केली आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले, या तिन्हींचा हिशेब जीवाच्या खात्यावर चढतो. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, म्हणजे कोळसा व भट्टी यांवरील उपजीविका, त्याज्य मानली गेली. आपण भट्टी पेटविली नाही हे खरे. परंतु भट्टीचा माल मागविला, त्याचा भाव ठरविला आणि त्यावर नफा घेतला. गृहस्थाची उद्योगी हिंसा सर्वस्वी टळत नाही, हे शास्त्रालाही ठाऊक आहे. ती मर्यादेत ठेवावी आणि तिचे भान राखावे, एवढीच अपेक्षा आहे. पण ज्याचे मापच नाही, त्याची मर्यादा कशी ठरवावी?

जुने माप

धुराच्या मापाची जुनी रीत अशी होती. धुराड्यातील हवेच्या एका घनमीटरात कणांचे प्रमाण १५० मिलिग्रॅमांहून अधिक असू नये, असा दंडक. तो पाळला जातो किंवा नाही हे पाहण्यासाठी कधीतरी माणूस येई, धुराड्यावर चढून नमुना घेई आणि निघून जाई. वर्षातून एकदोन वेळा घेतलेल्या नमुन्यावर सबंध वर्षाचा निवाडा होई.

या रीतीत दोन दोष होते. पहिला असा की, दंडक प्रमाणावर होता, राशीवर नव्हता. दर सांगावा आणि वजन सांगू नये, तसा हा प्रकार. आठ तास चालणारा कारखाना आणि चोवीस तास चालणारा कारखाना दोघेही त्या दंडकात निर्दोष ठरत. हवेत मात्र तिप्पट अंतर पडे.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. गुजरातेत कारखान्यांनी स्वखर्चाने लेखापरीक्षक नेमून प्रदूषणाचा अहवाल द्यावा, अशी व्यवस्था होती. ज्याचे परीक्षण करायचे त्यानेच परीक्षक निवडावा आणि त्यानेच त्याला पैसे द्यावेत, असा हा मामला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने या व्यवस्थेचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. अहवालांतील आकडे दंडकाच्या किंचित खाली दाटीवाटीने उभे असलेले आढळले. सूक्ष्म कणांच्या बाबतीत अहवालांप्रमाणे जेमतेम ७ टक्के कारखाने दोषी होते. प्रत्यक्ष फेरमोजणीत ५९ टक्के निघाले. मग काही कारखान्यांपुरती रीत बदलून पाहिली. परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांचे वेतन एका सामाईक निधीतून दिले आणि त्यांच्या कामाची अधूनमधून फेरतपासणी केली. एवढ्याने खोटे निर्दोष ठरविण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांचा धूरही कमी झाला.

व्यापाऱ्यास यात नवीन काही नाही. ज्याच्या हाती तराजू, त्याच्याच हाती नफा, अशी सोय असली की दांडी कोठे झुकते, हे प्रत्येक बाजारपेठ जाणते. माणसे वाईट होती असे म्हणण्याचे कारण नाही. तराजू वाईट हाती होता.

सुरतेची नवी पेठ

यानंतर जे घडले ते व्यापाऱ्याने आवर्जून समजून घ्यावे असे आहे. धुराड्यात अखंड मोजणारी यंत्रे बसविण्यात आली. त्यांतील काही कणांवर पडलेल्या प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजतात, तर काही कणांमुळे उत्पन्न होणाऱ्या विद्युत्भारावरून. हाताने घेतलेला नमुना तोलून यंत्राचा आकडा पडताळून घेतात, जसा आपण प्रमाणित वजनाने काटा पडताळतो. मग प्रमाण आणि हवेचा प्रवाह यांच्या गुणाकाराने किती किलो कण बाहेर पडले हे निघते आणि ते आपोआप मंडळाच्या संगणकाकडे जाते.

किलोचा आकडा हाती येताच त्याची पेठ भरविणे शक्य झाले. २०१९ साली सुरतेत कणप्रदूषणाचा जगातील पहिला बाजार सुरू झाला. त्याची रीत अशी: सर्व सहभागी कारखान्यांनी मिळून ठराविक मुदतीत जास्तीत जास्त किती किलो कण सोडावेत, याची सीमा मंडळ ठरविते. तेवढ्या किलोंची परमिटे काढतात. त्यांतील ८० टक्के कारखान्यांना विनामूल्य मिळतात, २० टक्के लिलावाने विकली जातात. मुदतीअखेर प्रत्येकाने आपल्या धुराड्याच्या वजनाइतकी परमिटे दाखवावयाची. कमी पडल्यास अगोदर ठेवलेल्या अनामतीतून दंड कापला जातो. खरेदीविक्री संगणकीय बाजारमंचावर होते.

यातील हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कारखान्यास फिल्टर सुधारून एक किलो कण रोखण्यास १० रुपये पडतात, दुसऱ्याची यंत्रसामग्री जुनी असल्याने त्याला ६० रुपये पडतात. दोघांवर सारखी सक्ती केली तर दोन किलोंस ७० रुपये खर्च. त्याऐवजी पहिल्याने दोन्ही किलो रोखले आणि आपले एक परमिट दुसऱ्यास ३० रुपयांस विकले, तर हवेत तेवढीच घट, खर्च अवघा २० रुपये. पहिल्याचे २० रुपये सुटले आणि दुसऱ्याचे ३०.

हा केवळ कागदी हिशेब राहिला नाही. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन यांनी ३१७ कारखाने घेऊन त्यांतील १६२ चिठ्ठ्यांनी या बाजारात घातले आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. मार्च २०२० च्या टाळेबंदीने व्यवहार मध्येच थांबला, पण पुढे तो पुन्हा सुरू झाला. २०२५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बाजारातील कारखान्यांचे कणप्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटले. आवश्यक तेवढी परमिटे दाखविण्याचे प्रमाण ९९ टक्के राहिले. आणि धूर रोखण्याचा खर्च ११ टक्क्यांनी उतरला. दंडुक्याने जे साधले नव्हते, ते खऱ्या मापाने आणि चोख वायद्याने साधले. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातही प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ पासून कारखान्यांना त्यांच्या धुराप्रमाणे तारे देऊन ते जाहीर करण्याचा उपक्रम केला. मोजलेले लोकांसमोर मांडावे हेच तत्त्व त्यामागे आहे.

पाप विकत घेता येते काय?

या व्यवस्थेविरुद्ध एक आक्षेप धर्मबुद्धीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पैसे मोजून धूर सोडण्याची मुभा मिळावी, हे पाप विकत घेण्यासारखे नाही काय? ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने खुशाल हवा नासवावी, असाच याचा अर्थ नव्हे काय?

आमचे उत्तर असे की, परमिटाकडे पाहू नये, सीमेकडे पाहावे. श्रावक परिग्रहपरिमाण व्रत घेतो तेव्हा आपल्या संग्रहाची वरची मर्यादा आधी बांधतो. मग त्या मर्यादेच्या आत घर किती आणि सोने किती, हे तो सोयीने ठरवितो. धुराच्या बाजारात पुण्य असेलच तर ते खरेदीविक्रीत नाही. ते सर्वांनी मिळून बांधून घेतलेल्या परिमाणात आहे. सीमा खरी असेल आणि काळानुसार आवळली जाईल, तर परमिटांची देवघेव हे केवळ ओझ्याचे वाटप ठरते. सीमा सैल ठेवली, तर मात्र आक्षेपकाचेच म्हणणे खरे ठरेल. आणखीही एक उणीव आम्ही मान्य करतो. बाजार एकूण धूर घटवितो; पण ज्या धुराड्याने परमिटे विकत घेतली, त्याच्या छायेत राहणाऱ्या मजुराच्या वाट्याची हवा त्याने सुधारेलच असे नाही. तेथे जुना दंडक आणि तपासणी यांची गरज संपत नाही.

यंत्राविषयीही भाबडेपणा नको. माणसाने भरलेला तक्ता जसा खोटा असू शकतो, तसे न पडताळलेले यंत्रही खोटे बोलते. वीज गेली, नळी तुंबली, आकडा आला नाही, तर तो रिकामा रकाना कारखान्याच्या नफ्यात धरला जाता कामा नये. डिजिटल तराजूलाही प्रमाणित वजन लागतेच.

धूळ आणि कर्बवायू

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सुरतेचा तराजू सूक्ष्म कण तोलतो. पृथ्वीला तापविणारा कर्बवायू तो तोलत नाही. फिल्टर राख अडवितो, वायू तसाच निघून जातो. आणि त्या वायूची किंमत दूर कोठे मोजली जाते असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या वस्त्यांत आणि बाजारांत शिरले, ते आम्ही विसरलेलो नाही. कोणताही एक पूर केवळ हवामानबदलाने आला असे म्हणणे धाडसाचे होईल. नदीकाठची बांधकामे आणि तुंबलेले नाले यांचाही त्यात वाटा असतो. तथापि हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हा सृष्टीचा नियम आहे. आणि असे बाष्प धरलेला ढग फुटतो तेव्हा तो गोदाम कोणाचे हे विचारीत नाही.

शासनाची पावले आता त्या दिशेने पडू लागली आहेत. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. तिच्यात समाविष्ट उद्योगक्षेत्रांत वस्त्रोद्योगही आहे. मात्र तेथील सीमा एकूण राशीवर नसून उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे आहे. म्हणजे प्रत्येक टनामागील धूर घटला आणि टन वाढले, तर एकूण धूर वाढूही शकतो. सुरतेच्या परिमाणाहून हे परिमाण सैल आहे, हे व्यापाऱ्याने डोळ्यांआड करू नये.

कर्बवायूच्या मापासाठी मात्र धुराड्यावर चढावे लागत नाही. ते माप आपल्या वहीतच आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो. महिन्यास १,००० लिटर डिझेल जाळणाऱ्या पेढीने २,७०० किलो वायू हवेत सोडला, हे एका गुणाकाराचे काम आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने आपली बिले संगणकावर नेली. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाच्या ई-वे बिलात गाडी आणि अंतर यांची नोंद होऊ लागली. ही नोंद कर भरण्यापुरतीच का वापरावी? कोणती गाडी अर्धी भरून गेली, कोणती रिकामी परतली, शेजारच्या पेढीचा माल त्याच दिवशी त्याच गावी गेला होता काय, हे तीच नोंद सांगते. दोन पेढ्यांचा माल एका गाडीत गेला, तर डिझेलही वाचते आणि भाडेही.

मोजणाऱ्याचेही माप

एवढे सांगून आम्ही थांबलो, तर तराजूच्या एकाच पारड्याकडे पाहिल्यासारखे होईल. डिजिटल यंत्रणा हवेतून उतरत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या वापराचा तो सुमारे दीड टक्का होतो, आणि तो वेगाने वाढत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला; त्यातील २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळाबेरीज आणि विल्हेवाट झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग भंगाराच्या वस्त्यांत जातो. तेथे तांब्यासाठी तारा जाळतात, आणि शिसे व विषारी धूर त्या कामगारांच्या आणि त्यांच्या मुलांच्या अंगी भिनतो. धूर मोजणारे यंत्र शेवटी स्वतःच धूर व्हावे, यासारखी विटंबना कोणती?

मोबाइल वा संगणक यांच्या सबंध आयुष्यातील कर्बभाराचा बहुतेक भाग ते आपल्या हाती येण्यापूर्वीच, कारखान्यातच खर्ची पडलेला असतो. म्हणून ते काटकसरीने चार्ज करण्यापेक्षा दीर्घकाळ वापरणे अधिक मोलाचे आहे. दर दोन वर्षांनी नवा मोबाइल घेणारा आणि तोच सहा वर्षे चालविणारा यांत एकाने तीन यंत्रांचा भार डोक्यावर घेतला, दुसऱ्याने एकाचा. अपरिग्रहाचा उपदेश येथे अगदी सरळ व्यवहार होऊन उभा राहतो: दुरुस्त होईल ते टाकू नये, लागत नाही ते घेऊ नये. जे खरोखरीच निकामी झाले ते भंगारवाल्याच्या पोत्यात न घालता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवरही ही जबाबदारी घातलेली आहे. आपण मागितली तरच ती ते पार पाडतील.

मंडळापुढे एक विनंती

असो. लेखाचा शेवट उपदेशाने करण्यापेक्षा हिशेबाने करणे व्यापाऱ्यास अधिक शोभते. आपल्या मंडळाच्या सभासदांनी या वर्षापासून वहीत दोन रकाने वाढवावेत, अशी आमची नम्र सूचना आहे: एक विजेच्या युनिटांचा, दुसरा जळलेल्या डिझेलचा. सुरतेहून माल घेताना भाव आणि पत विचारतो, तसा आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या धुराड्यावर मोजयंत्र आहे काय, आणि त्याचा आकडा आम्हांस पाहता येईल काय? एका पेढीने विचारले तर गिरणीमालक हसेल. पन्नास पेढ्यांनी विचारले तर उत्तर तयार ठेवील. आणि पर्युषणाच्या सुमारास, जेव्हा आपण वर्षभरातील दोषांची आलोचना करतो, तेव्हा मंडळाच्या कार्यालयात निकामी यंत्रांसाठी एक पेटी ठेवावी आणि ती योग्य केंद्राकडे पाठवावी.

पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत जाहिराती आणि जमाखर्च यांच्या जोडीने त्या दोन रकान्यांची बेरीजही छापली जावी, एवढी आमची इच्छा आहे. पहिल्या वर्षी ती बेरीज पाहून आपणांस संकोच वाटेल. त्यात बिघडले काहीच नाही. तराजू खरा आहे, याची ती पहिली खूण असेल.